दोष ट्रान्सफॉर्मरचा नाही, जुळवणीचा आहे

स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आता अडगळीत टाकावा, असे रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळींत हल्ली ठासून सांगितले जाते. कारणे ठरलेली आहेत. चांगले ट्रान्झिस्टर आल्यापासून त्याची गरज उरली नाही. तो खर्ज खातो आणि वरचे स्वर चिरके करतो. तो घुमतो. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डी मुळातच खरखरतात, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आणि शेवटी, तो परदेशातून मागवावा लागतो, म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. हे सगळे आक्षेप मी मनापासून ऐकले आहेत. ते घेणारे अडाणी नाहीत. काही जण इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातच मुरलेले आहेत. तरीही त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे आणि कोल्हापुरात तो आपल्याला महागात पडेल.

कोल्हापूरचे नाव मी उगाच घेत नाही. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँ आले आणि जयपूर-अत्रौली गायकीने या गावात मूळ धरले. खाँसाहेबांनी स्वतःची रेकॉर्ड काढली नाही. त्यांची विद्या आपल्या कानावर येते ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, निवृत्तीबुवा सरनाईक, धोंडूताई कुलकर्णी, किशोरी आमोणकर यांच्या गळ्यातून. यातल्या बहुतेकांच्या बैठका ऐकलेले कान आता थोडे उरलेत. बाकीच्यांसाठी जे आहे ते तबकड्यांवर आणि फितींवर. १८८३ पासून गाणे जपणाऱ्या देवल क्लबच्या गावात कितीतरी घरांतल्या कपाटांत या तबकड्या अजून उभ्या आहेत. त्या कशा वाजवायच्या हा प्रश्न म्हणूनच हौशीपुरता उरत नाही. १९७७ साली केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अंतराळात पाठवली, तेव्हा पाठवणाऱ्यांनी सोबत सुई आणि तिची थरथर विजेत बदलणारी कार्ट्रिजही ठेवली. खाचेतला आवाज बाहेर काढणारे साधन नसेल तर तबकडी मुकी, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आधी मुद्द्याची वस्तू नीट पाहू. नेहमीच्या एमएम म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीला चुंबक असतो आणि वेटोळी जागच्या जागी असतात. एमसी म्हणजे मूव्हिंग कॉइलमध्ये उलट: चुंबक स्थिर, हलतात ती वेटोळी. ती हलकी ठेवायची तर तारेचे वेढे थोडेच घालता येतात आणि वेढे थोडे म्हणजे व्होल्टेज थोडे. एमएम साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, एमसी ०.२ ते ०.५. जपानच्या एनएचके या नभोवाणीसाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी घडवलेली आणि आजही विकली जाणारी डेनॉन डीएल-१०३ देते ०.३ मिलिव्होल्ट, तिच्या कॉइलचा रोध ४० ओहम. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनची मूळ एसपीयू देते ०.२ मिलिव्होल्ट, रोध जेमतेम २ ओहम. आपल्या अँप्लिफायरचा फोनो इनपुट एमएमच्या मापाने बांधलेला, ४७ किलोओहमचा. मधली दहा-वीस पटींची दरी भरायला दोन उपाय: ट्रान्झिस्टरचा जादा टप्पा किंवा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर पहारीसारखा आहे. बळ नवे निर्माण करत नाही, असलेल्या बळाची अदलाबदल करतो. इथे करंट खर्ची पडतो आणि व्होल्टेज मिळते. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, झिजणारा एकही भाग त्यात नाही.

आता पहिला आक्षेप: ट्रान्झिस्टरने त्याची गरज संपवली. इथे मोघम बोलून चालत नाही, आकडे लागतात. कोणत्याही रोधातून उष्णतेमुळे एक सळसळ येतच असते. ती कुणालाच टाळता येत नाही. ४० ओहमची ही सळसळ हर्ट्झच्या दर वर्गमूळाला सुमारे ०.८ नॅनोव्होल्ट भरते. २ ओहमची भरते ०.१८. चांगल्या ट्रान्झिस्टर टप्प्याची स्वतःची सळसळ १ नॅनोव्होल्ट धरू.  डीएल-१०३ ला तो टप्पा लावला तर एकूण सळसळ मूळच्यापेक्षा ४ डेसिबलने वाढते. चालण्यासारखे आहे. म्हणून मी स्पष्ट कबूल करतो, की ४० ओहमच्या कार्ट्रिजला उत्तम बांधलेला ट्रान्झिस्टर टप्पा ट्रान्सफॉर्मरच्या जवळपास पोचतो आणि ज्याच्याकडे तो आहे त्याने तो खुशाल वापरावा. पण तोच टप्पा २ ओहमच्या एसपीयूला लावला की सळसळ मूळच्यापेक्षा जवळजवळ १५ डेसिबलने वर जाते. तिथे १:२० चा, म्हणजे व्होल्टेज वीस पट करणारा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजचा आवाज आणि तिची मूळ सळसळ दोन्ही सारख्याच पटीने वर उचलतो. स्वतःच्या तारेच्या रोधाची थोडी भर घालतो, बस्स. पुढच्या फोनो टप्प्याच्या सळसळीला मग फारशी किंमत उरत नाही. पुढचा टप्पा व्हॉल्व्हचा असेल तर हा फरक आणखी मोठा. म्हणजे उत्तर कार्ट्रिजच्या ओहमवर ठरते, साल १९६० आहे की २०२० यावर ठरत नाही. उष्णतेची सळसळ तेव्हाही तेवढीच होती, आजही तेवढीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष कानांनी ऐकलेले असते: ट्रान्सफॉर्मर खर्ज खातो. त्याचे स्पष्टीकरण म्हणून सांगतात, की मोठा खर्ज आला की लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, पुढे घेतच नाही. हे स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल खरे असू शकेल. कार्ट्रिजबद्दल नाही. प्रायमरीचे, म्हणजे कार्ट्रिजकडच्या वेटोळ्याचे, १०० वेढे धरा, गाभ्याचा छेद अर्धा चौरस सेंटिमीटर धरा आणि २० हर्ट्झला कार्ट्रिजने नेहमीच्या दहापट, म्हणजे ३ मिलिव्होल्ट दिले असे धरा. तरीही गाभ्यातले चुंबकक्षेत्र ७ मिलिटेस्लाच्या पुढे जात नाही. निकेल-लोखंडाच्या म्यूमेटलचा गाभा भरतो तो पाऊण टेस्लाच्या आसपास, म्हणजे शंभर पटींहून वर. शिवाय एलपी कापतानाच खर्ज दाबून कापलेला असतो, २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल. गाभा भरण्याची भीती दाखवणाऱ्यांनी हा हिशेब एकदाही मांडलेला दिसत नाही.

मग खर्ज जातो कुठे? जातो, हे खरेच आहे आणि त्याचे कारण जुळवणीत सापडते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काही एक इंडक्टन्स असतो. २ ओहमच्या कार्ट्रिजसाठी बांधलेल्या एखाद्या १:२० ट्रान्सफॉर्मरचा तो ०.१ हेन्री आहे असे समजा. २ ओहमची कार्ट्रिज त्याला जोडली तर खर्जाची ३ डेसिबल घट ३ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे कानाच्या पार खाली. त्याच ट्रान्सफॉर्मरला ४० ओहमची डीएल-१०३ जोडा: घट ४७ हर्ट्झवर येऊन बसते आणि उतार त्याच्या बराच वरपासून सुरू होतो. डग्ग्याची घुमार बारीक झालेली ऐकू येते ती इथे. ऐकणारा खोटे बोलत नाही. पण त्याने ऐकला तो ट्रान्सफॉर्मरचा दोष नव्हता, दुसऱ्याच्या मापाचा जोडा पायात घातल्याचा तो परिणाम होता. नाचता येईना अंगण वाकडे, हे गाण्यातल्या माणसांना तरी सांगायला नको.

वरचे स्वर चिरके होतात, या तक्रारीचेही तसेच. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला, म्हणजे अँप्लिफायरकडच्या वेटोळ्याला, लांबलचक वायर लावली की त्या वायरची कपॅसिटन्स कार्ट्रिजला पटींच्या वर्गाने मोठी दिसते. १:२० असेल तर ४०० पट. २०० पिकोफॅरडची साधी वायर कार्ट्रिजला ८० नॅनोफॅरड वाटते. वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, गरज पडली तर सेकंडरीवर रोध आणि कपॅसिटरची एक छोटी जोडी लावा; चिरकेपणा उतरतो. आणि हा आक्षेप घेणारे स्वतः कशावर ऐकतात? बहुधा एमएमवर. तिच्या कॉइलचा इंडक्टन्स अर्ध्या हेन्रीच्या घरातला. वायर आणि इनपुट मिळून ३०० पिकोफॅरड झाले, तर १३ किलोहर्ट्झच्या आसपास तिचा स्वतःचाच उंचवटा तयार होतो. तो सवयीने कानात बसलेला असतो, म्हणून कुणी त्याला रंग चढवणे म्हणत नाही. एमसीच्या कॉइलचा इंडक्टन्स इतका थोडा असतो, की हा त्रास तिला होतच नाही. रंगाचा आरोप करायचा तर दोघांच्याही अंगावर दिवा धरावा.

ट्रान्सफॉर्मरच्या चाहत्यांनाही इथे दोन शब्द सुनवायला हवेत, कारण त्याची बदनामी त्यांनीच जास्त केली आहे. पट जितकी मोठी तितका आवाज भरदार, या समजुतीने १:३० नि १:४० चे डबे शोधत फिरणारे पुष्कळ आहेत. डीएल-१०३ घेऊन हिशेब पाहा. ४७ किलोओहमचा इनपुट कार्ट्रिजला पटीच्या वर्गाने भागून दिसतो. १:१० ला तो ४७० ओहम दिसतो आणि मिळतात सुमारे २.८ मिलिव्होल्ट. १:२० ला ११७ ओहम, ४.५ मिलिव्होल्ट. १:३० ला ५२ ओहम, ५.१ मिलिव्होल्ट. १:४० ला २९ ओहम आणि पुन्हा तेच ५.१. पट वाढली, हाती काही आले नाही. कार्ट्रिजच्या ४० ओहमपेक्षाही कमी रोधाचा भार तिच्या गळ्यात पडला आणि निम्म्याहून जास्त व्होल्टेज कॉइलमध्येच मुरले. त्या भाराखाली गाणे दबलेले वाटते, मग दोष ट्रान्सफॉर्मरच्या नावावर. डीएल-१०३ ला १:१० पुरेसा आहे. १:२० किंवा १:३० ही एसपीयूची पट. दोन कार्ट्रिजना एकच डबा चालेल असे सांगणारा दुकानदार असो वा दोस्त, त्याचे ऐकू नये.

घुमण्याचा आक्षेप निम्मा खरा आहे. ट्रान्सफॉर्मर चुंबकक्षेत्र पकडतोच, ते त्याचे कामच आहे. अँप्लिफायरमधला विजेचा ट्रान्सफॉर्मर, टर्नटेबलची मोटार, शेजारचा स्टॅबिलायझर यांचे ५० हर्ट्झ त्याच्यात शिरू शकतात. म्हणून त्याला म्यूमेटलच्या डब्यात बसवतात आणि म्हणूनच त्याची जागा कानाने शोधावी लागते. सुई तबकडीवर न टेकवता आवाज नेहमीपेक्षा वाढवायचा आणि ट्रान्सफॉर्मरचा डबा हातात धरून सावकाश फिरवायचा. घूं घूं वाढते, कमी होते आणि एका कोनात जवळजवळ नाहीशी होते. डबा तिथेच ठेवायचा, अँप्लिफायरपासून अर्धा मीटर तरी लांब. पाच मिनिटांचे काम आहे. टोनआर्मची अर्थिंगची वायर एकाच ठिकाणी जोडायची, दोन ठिकाणी जोडली की पुन्हा घुमणे सुरू. जुन्या पेठांतल्या घरांत वायरिंग जुने असते, बऱ्याच ठिकाणी अर्थिंग धड नसते, त्यामुळे हा त्रास आपल्याकडे जास्त आहे हे मान्य. पण याच बाबतीत ट्रान्सफॉर्मरची एक बाजू टीकाकार सांगत नाहीत. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात तारेचा संबंध नसतो. कार्ट्रिज आणि अँप्लिफायर विजेच्या दृष्टीने वेगळे राहतात आणि अर्थिंगच्या फेऱ्यातून येणारी घूं घूं तिथेच तुटते. ट्रान्झिस्टर टप्प्याला हे आपोआप साधत नाही.

जुन्या रेकॉर्डींच्या खरखरीचा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो, म्हणून त्याच्याशी जपून वागायला हवे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या लागते ७० मायक्रॉनच्या आसपास. एलपीची असते १८ च्या घरात. डीएल-१०३ ची सुई ७८ च्या खाचेत घातली तर ती तळाशी लोळते, तिथली घाण तेवढी उचलते. केसरबाईंच्या किंवा मोगूबाईंच्या ७८ च्या तबकड्या वाजवायच्या असतील तर आधी योग्य जाडीची सुई घ्या, मग ती साध्या एमएमवर असली तरी चालेल. तिथे ट्रान्सफॉर्मर पहिल्या नंबरावर नाही, असे मी स्वतःच म्हणतो. ऑर्टोफॉनने ६५ मायक्रॉनची मूव्हिंग कॉइलही काढली आहे, पण ती पुढची पायरी.

एलपीची गोष्ट वेगळी. मन्सूरांच्या किंवा किशोरीताईंच्या एलपीवर विलंबित तीनताल चालू आहे, गायक समेवर येऊन थांबला, तबल्याचा ठेका हलका झाला. त्या उसंतीत मागे तंबोऱ्याची जवारी असते. तार छेडल्यावर षड्जातून वरचे स्वर एकामागून एक उघडत जातात आणि विझत जातात. आकाराने लय भरत नेणाऱ्या या गायकीत गायकाचा श्वास आणि तंबोऱ्याचे हे विझणे यांच्यावरच पुढची जागा उभी राहते. तबकडीची खरखर तुटक असते, कान तिला थोड्या वेळात बाजूला सारतो. अखंड सळसळ आणि घूं घूं मात्र त्या विझत्या स्वरांच्या अंगावरच बसतात. ५० हर्ट्झच्या घुमण्याच्या वरच्या पायऱ्या १००, १५०, २०० हर्ट्झला येतात, नेमक्या तंबोऱ्याच्या आणि गळ्याच्या मुलखात. तबकडीत खरखर आहे म्हणून यंत्राचीही भर पडू द्यावी, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही.

आणि हा प्रश्न घरापुरता राहिलेला नाही. आज ज्याच्याकडे जुन्या तबकड्या आहेत तो त्या संगणकावर उतरवून घेतो आहे आणि पुढची पिढी ऐकणार आहे ती ती फाइल. टकटक आणि चरे नंतर काढता येतात. घूं घूं काढायला गेले की सोबत तंबोऱ्याचा भागही निघतो. जो स्वर सुईपासून अँप्लिफायरपर्यंतच्या वाटेत हरवला तो कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पहिल्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमध्ये, जिथे आवाज मिलिव्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो, तिथे निष्काळजीपणा केला तर पुढच्या महागड्या साधनांनी काय साधणार?

राहिला पैशाचा आक्षेप. चांगला ट्रान्सफॉर्मर स्वस्त नाही, खरे आहे. पण त्याची किंमत एकदाच मोजायची असते. सुई झिजते, व्हॉल्व्ह जातात, कपॅसिटर सुकतात. १९६० च्या दशकातले ट्रान्सफॉर्मर आजही जसेच्या तसे चालतात. इथे कोल्हापूरकर हमखास म्हणतो, उद्यमनगरात मोटारी वाइंड करणारे एवढे कारागीर असताना आपलाच एक करून घेऊ की. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात चित्रपटाचा कॅमेरा बनवला, त्या गावाला ही ईर्षा शोभते. हात आपल्याकडे आहेत. केसाएवढी इनॅमल तार न तुटता गुंडाळणारी बोटे आहेत. अडते ते गाभ्यापाशी. स्टॅबिलायझरसाठी मिळणारे सिलिकॉन स्टीलचे स्टॅम्पिंग ०.३ मिलिव्होल्टच्या इवल्या चुंबकक्षेत्राला जागेच होत नाही. त्या पातळीला म्यूमेटलची पारगम्यता त्याच्या कितीतरी पट जास्त असते. सिलिकॉन स्टीलवर पुरेसा इंडक्टन्स मिळवायला वेढे भरमसाट वाढवावे लागतात, वेढे वाढले की रोध वाढतो, रोध वाढला की सळसळ. म्यूमेटलचे पत्रे हायड्रोजनच्या भट्टीत तापवून घ्यावे लागतात आणि नंतर वाकले किंवा आपटले तरी बिघडतात. म्हणून गाभा बाहेरून आणावा आणि वाइंडिंग इथे करावे, हा रस्ता खुला आहे. तो कुणी चोखाळला तर त्याला चोचले म्हणणारा मी नव्हे.

माझे म्हणणे एवढेच, की ट्रान्सफॉर्मरचा निकाल कार्ट्रिजच्या ओहमने, तिच्या मिलिव्होल्टने आणि फोनो इनपुटच्या मापाने लावावा. एमएम असेल तर तो नकोच. ४० ओहमची एमसी असेल तर दोन्ही रस्ते ऐकून पाहावेत. दोन-चार ओहमची असेल तर ट्रान्सफॉर्मरला आजही तोड नाही. देवल क्लबसारख्या संस्थांनी, ग्रंथालयांनी आणि तबकड्या सांभाळणाऱ्या घरांनी त्या उतरवताना सुई कुठली, कार्ट्रिज कुठली, मध्ये ट्रान्सफॉर्मर होता का आणि किती पटीचा, ही नोंद फाइलसोबत ठेवावी, आणि साफसफाई न केलेली मूळ प्रतही राखावी. ट्रान्सफॉर्मर जुना झाला असे म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न राहील: तुम्ही ऐकलात तेव्हा कार्ट्रिज किती ओहमची होती आणि पट किती होती? हे सांगता येत नसेल, तर त्याचे मत ट्रान्सफॉर्मरबद्दलचे नाही आणि ते ऐकून कुणी आपल्या घरातला चांगला डबा भंगारात देऊ नये.